बर्फाचा खटका, रांजणगावचा शिक्का

रांजणगाव एमआयडीसीतून एक गाडी बाहेर पडते. तिच्या काही मॉडेलांत गिअरजवळ एक खटका असतो आणि त्यावर चार शब्द: ऑटो, स्नो, सँड, मड. मड म्हणजे चिखल. तो शिरूर तालुक्यात पावसाळाभर फुकट मिळतो. सँड म्हणजे वाळू. घोड आणि भीमेच्या पात्रात ती किती उरली, हा वेगळा विषय, त्यात न पडलेलं बरं. पण स्नो?

पुण्याच्या वेधशाळेच्या दप्तरात नीचांकी तापमानाची नोंद आहे १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश. त्या पहाटेही पाणी गोठायला पावणेदोन अंश कमीच पडले. महाराष्ट्रात बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर जमणारे हिमकण. पेपरात फोटो छापून येईपर्यंत ते वितळलेलेही असतात.

तरीही तो खटका उगाच नाही. गाडीचं नाव जीप कंपास. २०१७ पासून ती रांजणगावात बनते आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा देशांत इथूनच जहाजाने गेली. जपानच्या उत्तरेला सापोरो शहर आहे. तिथे एका हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या आसपास हिम पडतं. म्हणजे महागणपतीच्या शेजारी तयार झालेल्या खटक्याला खरं काम मिळतं ते तिकडे. इथे तो बिचारा ‘ऑटो’वरच निवृत्त होतो.

खटका फिरवला की होतं काय?

चाकांना साखळ्या फुटत नाहीत की टायर गरम होत नाहीत. ‘स्नो’वर गाडी जरा मवाळ होते, इतकंच. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन जोर अंगावर न येता हळूहळू देतं, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी जागेवरून उठताना पहिल्याऐवजी दुसरा गिअरही निवडू शकते. कारण पहिल्या गिअरचा दणका घसरड्या जागी चाक नुसतं फिरवतो.

ही युक्ती दौंडच्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला शिकवायची गरज नाही. पाणंदीत गाळ असला की तो वरच्या गिअरला, रेस न वाढवता अलगद उचल घेतो. शेजारचा हौशी मोटारवाला मात्र ‘दाब, अजून दाब’ करत चाकाखाली खड्डा खणतो आणि मग त्याच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतो.

चार चाकांच्या गमती

चारही चाकांना जोर देणारी पहिली पेट्रोल मोटार हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये बनवली. गंमत अशी, की तिला ब्रेकही चारही चाकांना होते. त्या काळी बहुतेक गाड्यांना मागच्या दोन चाकांवरच समाधान मानावं लागे. पळण्याची आणि थांबण्याची सोय एकदम करणारे हे लोक शहाणे म्हणायचे.

जपानच्या सुबारूची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी जन्मली ती वीजवाल्यांमुळे. तोहोकू इलेक्ट्रिक या वीज कंपनीला बर्फाळ डोंगरातल्या तारा तपासायला उघड्या जीपपेक्षा उबदार वाहन हवं होतं. १९७१ मध्ये प्रयोग झाला, १९७२ मध्ये लिओनी स्टेशन वॅगन बाजारात आली. वायरमनच्या मागणीवरून गाडीचा सबंध वंश सुरू झाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला ठाऊक नाही.

ऑडीची गोष्ट फिनलंडमधली. १९७६-७७ च्या हिवाळ्यात चाचण्या चालू होत्या. तिथे फोक्सवॅगनची इल्टिस नावाची ठोकळेबाज लष्करी जीप, इंजिनाचा जोर जेमतेम ७५ अश्वशक्ती, आपल्यापेक्षा दणकट मोटारींना बर्फावर मागे टाकू लागली. कारण चारही चाकं ओढत होती. त्यातून १९८० ची क्वाट्रो निघाली. पुढे १९८६ मध्ये ऑडीने जाहिरातीसाठी फिनलंडमधल्या स्की-उडीच्या उतारावर गाडी खालून वर चढवली. लोक थक्क झाले. टायरला खिळे ठोकले होते, हे थक्क झालेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आणि इथेच सगळी गोम आहे. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी निघते झकास. चढावर चढते, रुतली तर बाहेर येते. पण थांबण्याशी त्या जोराचा जवळजवळ काहीच संबंध नाही. ब्रेक तर आजच्या साध्यातल्या साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणून थांबण्याच्या कामाला पाचवं चाक लागत नाही.

आता थोडं गणित, पण सोपं

रस्ता आणि टायर यांच्यातली पकड आकड्यात मांडतात. कोरडं डांबर साधारण ०.७. ओलं झालं की ०.५. वाहनांनी दाबून घट्ट झालेला बर्फ ०.२. आणि डांबरावर पाण्याचा गोठलेला, नजरेला न दिसणारा थर, ज्याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात, तो ०.१.

ताशी ६० चा वेग धरा. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्यावर सुमारे २० मीटर. ओल्यावर २८. बर्फावर ७१. ब्लॅक आइसवर १४२, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या बारा एसटी बस. शिवाय मेंदूने पायाला निरोप देईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात १७ मीटर आधीच संपलेले असतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये बर्फावर थांबायला दहापट अंतरही लागू शकतं असं लिहिलंय. वाचताना ती अतिशयोक्ती वाटते, पण आपल्या वरच्या हिशेबातही सातपट निघतंच.

उलटा हिशेब आणखी मजेशीर आहे. घट्ट बर्फावर ताशी ४० ने जाणारी गाडी थांबायला ३१ मीटर घेते. कोरड्या सोलापूर रोडवर तेवढंच अंतर ताशी ७५ ची गाडी घेते. म्हणजे बर्फात काट्यावर ४० दिसत असले, तरी धोक्याच्या हिशेबात तुम्ही पाऊणशेवर आहात.

वळणाचंही तेच. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्यात गाडी ताशी ६७ पर्यंत धरून राहते; बर्फात ३६ ला सुटते. या हिशेबात ‘किती चाकं ओढतात’ हा आकडा कुठेच येत नाही. येतात ते फक्त वेग, वळण आणि पकड. टायरजवळ जेवढी पकड आहे तेवढ्यातच ब्रेक मारायचा आणि तेवढ्यातच वळायचंही. वळणात ब्रेक दाबला की दोघांत ओढाताण होते आणि गाडी सरळ बांधाकडे निघते.

ऑल-व्हील-ड्राइव्हचा खरा तोटा म्हटला तर तो ड्रायव्हरच्या डोक्यात होतो. साध्या गाडीची पुढची चाकं निघतानाच फुरफुरतात आणि सांगतात, बाबा, आज रस्ता घसरडा आहे. चार चाकं ओढणारी गाडी काहीही न बोलता निघून जाते. इशारा मिळतो तो पहिला ब्रेक दाबल्यावर, आणि तेव्हा बोलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

टायरच खरा मालक

तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर ताठर होत जातं. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते थंडीत मऊ राहतं. म्हणून बर्फात थांबायची शर्यत लावली, तर हिवाळी टायरची साधी दोन-चाकी-ओढीची गाडी उन्हाळी टायरच्या ऑल-व्हील-ड्राइव्हच्या आधी थांबते. जर्मनीत रस्त्यावर बर्फ-पाणी असेल तर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. चाकं किती ओढतात हे पोलीस विचारत नाहीत.

जपानात एके काळी खिळ्यांचे टायर सर्रास होते. पण हिम नसलेल्या दिवशी तेच खिळे डांबर खरवडत, शहरात धूळ उडे आणि लोक खोकत. शेवटी १९९० मध्ये कायदा करून ते बंद केले. त्यांची जागा घेतली बिनखिळ्यांच्या, बारीक चिरांच्या टायरनी.

त्या चिरांची करामत तर फारच न्यारी. त्या बर्फ बाहेर फेकत नाहीत, उलट धरून ठेवतात. कारण रबरापेक्षा बर्फाला बर्फ अधिक घट्ट चिकटतो. मुलं बर्फाचे गोळे वळतात ते याच बळावर. आपल्या काळ्या रानाचा कायदा नेमका उलटा. तिथे टायरच्या खाचेत माती भरली की संपलं, टायर गुळगुळीत झाला. म्हणून ट्रॅक्टरच्या टायरला उंच, तिरक्या आणि एकमेकींपासून लांब पट्ट्या असतात. चाक फिरताना माती आपोआप गळून पडावी म्हणून.

आमचा बर्फ काळा असतो

मोटार कंपन्यांना बर्फाची चाचणी बारमाही करायची असते. दर वेळी स्वीडनला कोण जाणार? त्यावर तोडगा म्हणजे चाचणीच्या रस्त्यावर गुळगुळीत केलेल्या बेसॉल्टच्या फरशा लावायच्या आणि त्यावर पाणी सोडायचं. भिजलेल्या बेसॉल्टवर साधारण दाबलेल्या बर्फाइतकीच पकड मिळते. गोठलेल्या थराचा अनुभव हवा असेल तर सिरॅमिकच्या ओल्या फरशा.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळ. शिरूर-दौंड अख्खं त्याच्यावर वसलेलं आहे. शिरूरच्या टाकळी हाजी आणि पलीकडच्या पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या मधे कुकडीने याच कातळात दगडगोटे घुसळून रांजणखळगे कोरलेत. पावसाळ्यात तिथे कडेला उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की जगभरचे इंजिनिअर बर्फाची नक्कल करायला असाच ओला दगड वापरतात.

त्याच कातळाची शतकानुशतकं झीज होऊन झाली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. भिजलेल्या काळ्या रानातून गाडी न्यायची की नाही, याचं उत्तर शेतकऱ्याकडे एका शब्दात असतं: वाफसा, म्हणजे जादा ओल जिरून रान कामाजोगं होणं. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालायचं नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. फोर-बाय-फोर घेऊन शनिवारी शेत बघायला येणाऱ्या पुणेकरांना हा शब्द गाडीच्या पुस्तिकेत सापडत नाही.

खरी मेख मात्र डांबरावर आहे. फडातून उसाची खेप घेऊन ट्रॅक्टर रस्त्याला लागतो आणि चाकातली माती पुढचे शे-दोनशे मीटर ओळीने टाकत जातो. सुकी असेल तर धुरळा. पहाटे दव पडलं किंवा अवकाळीचा शिडकावा झाला की तोच पट्टा निसरडा. न्हावरा-चौफुला रस्त्याला हंगामात हे रोजचंच. दुचाकीवाल्याला तो पट्टा पाऊसपाण्यापेक्षा जास्त भारी पडतो, कारण बाकीचा रस्ता कोरडा असल्यामुळे वेग कमी करायचं कुणाच्या मनातच येत नाही.

साखरेवरून आणखी एक. अमेरिका-कॅनडात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ फवारतात. मीठ एकटं उडून, वाहून जातं, म्हणून काही ठिकाणी त्यात बीटच्या साखरेच्या कारखान्यातलं चिकट दुय्यम द्रव्य मिसळतात. ते मिठाला रस्त्यावर धरून ठेवतं आणि पाणी आणखी कमी तापमानापर्यंत गोठू देत नाही. म्हणजे तिकडे साखर कारखान्याची चिकटाई रस्त्यावर मुद्दाम ओततात, गाड्या घसरू नयेत म्हणून. आपल्याकडे मळीचा टँकर सांडला तर गाड्या घसरतात म्हणून पोलीस वाळू टाकायला धावतात.

हवेचं वर्गमूळ

पावसाळ्यात नगर रोडला पाणी साचलं की टायर पाण्यावर तरंगू शकतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, ब्रेक दाबून काही होत नाही, गाडी ऐकेनाशी होते. विमानांची चाकं ओल्या धावपट्टीवर का घसरतात याचा शोध घेताना १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी एक ढोबळ सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमधल्या) वर्गमूळ काढा आणि १६.६ ने गुणा. येईल तो तरंगायला लागण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये.

आकडे मुद्दाम सोपे घेऊ. हवा ३६, वर्गमूळ ६, तरंगायचा वेग ताशी १०० च्या आसपास. हवा २५, वर्गमूळ ५, वेग ८३. म्हणजे पंपावर हवा तपासायचा कंटाळा केला की ताशी १७ किलोमीटरची सुरक्षितता तुम्ही पंपावरच ठेवून आलात. हा अंदाज पाणी भरपूर आणि टायर झिजलेला असतानाचा. नव्या टायरच्या खाचा पाणी बाजूला काढतात, म्हणून मोटारीला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी असं नियम सांगतो. तिथे ऑल-व्हील-ड्राइव्ह? चारही चाकं सारख्याच निष्ठेने तरंगतात.

दोन ब्रेकांचं वाहन

हिमप्रदेशात पिकअप चालवणारे हिवाळ्यात मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकतात. मागच्या ओढणाऱ्या चाकांवर वजन पडलं की पकड येते. आपले लोक ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते त्याच कारणासाठी. शिवाय एक चाक गाळात नुसतं फिरू लागलं तर पायाशी डिफरन्शियल लॉक असतोच. दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि कोरड्यावरचं चाक बाहेर खेचतं. महागड्या गाड्या हेच काम सेन्सर आणि संगणक लावून करतात.

पण ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे. रानात एकच दाबला की जागच्या जागी वळता येतं. डांबरावर येताना ते दोन्ही कडीने जोडायचे असतात. जोडले नाहीत आणि घाईत एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जातो आणि मागच्या भरल्या ट्रॉल्या ढकलायला लागतात. पाटसच्या वा आलेगावच्या साखर कारखान्याला ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या दोन. लोखंडाची इतकीशी कडी, पण माझ्या मते तिच्याइतकं स्वस्त सुरक्षा-उपकरण दुसरं नाही.

मनालीला निघालात?

मराठी माणसाला खरा बर्फ भेटतो तो बहुधा मनालीला. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला उघडला, लांबी ९ किलोमीटर, उंची तीन हजार मीटरच्या वर. त्याआधी वाट होती ती रोहतांगच्या खिंडीतून, आणि ती हिवाळ्यात सहा-सहा महिने बंद असायची. आता डिसेंबरात पर्यटक बोगद्यापलीकडच्या सिस्सूपर्यंत पोचतात. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या पुढे फक्त फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळी लावलेल्या गाड्या सोडतात. साखळी ओढणाऱ्या चाकांना लावायची, आणि ती लावून ताशी ५० च्या पुढे जायचं नाही. जाताही येत नाही म्हणा, कानठळ्या बसतात.

सगळ्यात घातक बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतो. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पापुद्रा आलेला बर्फ जास्त निसरडा. म्हणजे ‘ऊन पडलंय, निघू या’ ही सकाळ फसवी. पुलांवर आधीच सांभाळायचं. वारा वरून आणि खालून दोन्हीकडून लागत असल्यामुळे पूल रस्त्याआधी गोठतो.

उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखू द्यायची, ब्रेकवर विसंबायचं नाही. एबीएसबद्दल एक बारकावा: भुसभुशीत बर्फात, आणि खडीतही, एबीएसने थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. जाम झालेलं चाक पुढे ढीग साठवून स्वतःला अडवतं; एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग साठत नाही. तरी एबीएस हवंच, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडी वळवता येते.

२०२३ च्या डिसेंबरात लाहौलमध्ये वाहतूक तुंबली, तेव्हा एका थारवाल्याने गाडी सरळ चंद्रा नदीत घातली आणि पाण्यातून पुढे नेली. व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी चलान फाडलं. गाडी आपल्या नाशिकची, नदी हिमालयाची, अक्कल मात्र बेपत्ता.

पन्नासला पन्नास

डिसेंबर-जानेवारीत भीमेकाठी पहाटे धुकं उतरतं. पारगावच्या पुलावर कधी कधी पुढच्या ट्रॉलीचं लाल रिफ्लेक्टर कापड दिसतं तेच पाच-सात गाड्यांच्या अंतरावर. जर्मनीच्या वाहतूक कायद्यात अशा वेळेसाठी सरळ नियम आहे. धुकं, हिम किंवा पावसामुळे ५० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर वेग ५० च्या वर न्यायचा नाही, मग रस्ता महामार्ग असो. अंतर कसं ओळखायचं? तिकडच्या रस्त्यांच्या कडेला दर ५० मीटरवर खांब असतात. पुढचा खांब दिसेना, की पाय काढायचा. आपल्याकडे महामार्गाच्या कडेला दर २०० मीटरवर २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगड असतात. त्यांतला पुढचा दगड धुक्यात दिसणं शक्यच नसतं, म्हणून आपण मोजायची ती दुभाजकावरची झाडं नाहीतर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या. आणि ५० मीटरवर उभी, दिवा नसलेली ट्रॉली दिसली, तर ताशी ६० ला ओल्या रस्त्यावर तुमचे सेकंदाचे १७ आणि ब्रेकचे २८ मिळून ४५ मीटर संपतात. उरतात पाच.